उमेदवार टिकतो केव्हा? नमुना आणि माल यांचा हिशोब

बाजारपेठेत चार व्यापारी एकत्र बसले की एक तक्रार हमखास निघते. "मुलगा ठेवला, सहा महिने शिकवला, हाताशी आला तसा शेजारच्या पेढीवर गेला." कापडवाला असो, यंत्रमागाचा कारखानदार असो, शिलाई किंवा जरीकाम करून घेणारा असो, प्रत्येकाजवळ असा एक तरी किस्सा आहे. दुसऱ्या बाजूला मुलाच्या बापाची तक्रार असते. "पदवी झाली, नोकरी लागली आणि तीन महिन्यांत साहेबजादे घरी परत!" या दोन तक्रारी वेगळ्या वाटतात, परंतु त्यांचे मूळ बहुधा एकच असते. मालकाने मुलगा पाहिलेला नसतो आणि मुलाने काम पाहिलेले नसते.

या दोघांची गाठ नोकरीच्या आधीच घालून देणारी एक रीत आता आपल्याकडे वाढत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शिक्षणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर भर दिला आणि पदवीच्या अभ्यासक्रमात त्या अनुभवाला गुण मिळू लागले. त्यामुळे कॉलेजचे पत्र हातात घेऊन विद्यार्थी दुकानाच्या पायरीवर येऊ लागले आहेत. याला इंटर्नशिप म्हणतात. आपल्यापैकी काही जण पत्रावर सही-शिक्का मारून मुलाला वाटेला लावतात, तर काही जण फुकटचा हरकाम्या मिळाला असे समजून त्याला ठेवून घेतात. दोन्हींत नुकसान आपलेच आहे.

प्रश्न असा आहे की शिकत असताना केलेल्या अशा कामामुळे मुलगा पुढे पहिल्या पूर्णवेळ नोकरीत अधिक काळ टिकतो काय? टिकत असेल तर कशामुळे, आणि टिकत नसेल तर चूक कोणाची? या लेखात त्याचा हिशोब मांडावयाचा आहे.

उमेदवार म्हणजे कोण?

इंटर्नशिप हा शब्द नवा असला तरी रीत नवी नाही. आपले वाडवडील "मी अमक्या पेढीवर दोन वर्षे उमेदवारी केली" असे सांगत. उमेदवार हा शब्द फारसीतून आला आहे. उम्मीद बाळगणारा तो उमेदवार. पुढे काहीतरी मिळेल या आशेवर आज थोडक्या पैशांत काम करणारा तो. हा अर्थ ध्यानात ठेवावा, कारण मुलगा टिकणार की जाणार याचा निम्मा उलगडा या एका शब्दात आहे.

उस्तादाजवळ शागिर्द बसे, तीही उमेदवारीच होती. त्या शागिर्दाने पहिल्या दिवसापासून उस्तादाचे सगळे काम पाहिलेले असे. तुटलेला धागा, बिघडलेला ताका, न मिळालेली उधारी, रात्रीचे जागरण, सर्व काही त्याच्या डोळ्यांसमोर घडे. म्हणून पुढे कारागीर झाल्यावर त्याला धक्का बसत नसे. आजचा पदवीधर मात्र वर्गातून थेट पेढीवर येतो. त्याची उम्मीद पुस्तकातून, मित्रांच्या गप्पांतून आणि मोबाईलवरील चित्रांतून तयार झालेली असते.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. एक, कायद्यातील शिकाऊ उमेदवारी. तिच्यासाठी १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, विद्यावेतन द्यावे लागते आणि मुदत ठरलेली असते. दुसरी, कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली काही आठवड्यांची किंवा महिन्यांची इंटर्नशिप. तिच्यात करार नसतो, कॉलेजचे पत्र असते. कागद वेगळे असले तरी टिकण्याच्या प्रश्नात दोघींना एकच नियम लागू पडतो.

बाहेरचा अनुभव काय सांगतो?

अमेरिकेत महाविद्यालये आणि नोकरी देणाऱ्या कंपन्या यांची एक राष्ट्रीय संघटना आहे. तिच्या पाहण्यांतून एक गोष्ट वारंवार दिसली आहे. ज्याने त्याच कंपनीत इंटर्नशिप केली आणि नंतर तेथेच नोकरी धरली, तो एक वर्षानंतर आणि पाच वर्षांनंतरही त्या नोकरीत असण्याचे प्रमाण, कोठेच इंटर्नशिप न केलेल्यांपेक्षा अधिक असते.

जर्मनीत तर ही पद्धत राष्ट्राच्या उद्योगाचा पाया मानली जाते. तेथे तरुण आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस शाळेत शिकतो, आणि हे शिक्षण साधारण दोन ते साडेतीन वर्षे चालते. शिक्षण यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश तरुणांना अलीकडच्या वर्षांत त्याच कारखान्याने कामावर ठेवून घेतल्याचे दिसते.

हे वाचून "चला, दोन इंटर्न ठेवू, म्हणजे नोकर टिकतील" असा निष्कर्ष कोणी काढू नये. व्यापारी माणसाने आकड्याच्या मागे पाहावे. इंटर्नशिप केलेल्या प्रत्येकाला नोकरी मिळत नाही. मालकाला जो पसंत पडला त्यालाच तो बोलावतो, आणि ज्याला काम पसंत पडले तोच परत येतो. म्हणजे टिकणाऱ्यांची निवड आधीच झालेली असते. जो मुलगा मुळातच स्थिर स्वभावाचा आहे, तो इंटर्नशिप न करताही कदाचित टिकला असता. तेव्हा टिकण्याचे सगळे श्रेय इंटर्नशिपला देता येत नाही. परंतु ही निवड नोकरीआधीच होते, हाही एक फायदाच आहे, आणि तो लहान नाही.

नमुना आणि माल

आता मूळ कारणाकडे येऊ. कापडाच्या धंद्यात सौदा नमुन्यावर होतो. दलाल कापडाचा तुकडा दाखवतो, आपण पोत, पन्हा, वजन, रंग पाहतो आणि ताक्यांची मागणी नोंदवतो. गाठ उघडल्यावर माल नमुन्याप्रमाणे निघाला तर तो दलाल वर्षानुवर्षे आपल्याकडे येतो. माल हलका निघाला तर गाठ परत जाते आणि दलालाची पतही जाते. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १७ व्या कलमातही हेच आहे. नमुन्यावर विक्री झाली असेल तर माल नमुन्याशी जुळला पाहिजे आणि खरेदीदाराला तो ताडून पाहण्याची वाजवी संधी मिळाली पाहिजे.

इंटर्नशिप म्हणजे नोकरीचा नमुना आहे. मुलगा तो पाहून सौदा करतो. नोकरी नमुन्याप्रमाणे निघाली तर तो टिकतो. नाही निघाली तर गाठ परत.

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील संशोधक जॉन वॅनस यांनी १९७३ साली एका टेलिफोन कंपनीतील ऑपरेटरच्या नोकरीबाबतचा प्रयोग प्रसिद्ध केला. नोकरीसाठी आलेल्या काही मुलींना कंपनीची नेहमीची, गोड बाजू दाखवणारी फिल्म दाखवली. इतरांना खरी फिल्म दाखवली. त्यात काम एकसुरी आहे, देखरेख कडक आहे, हेही सांगितले होते. मालकांना भीती वाटते की खरे सांगितले तर कोणी येणारच नाही. तसे घडले नाही. खरी फिल्म पाहणाऱ्यांची अपेक्षा कमी होती आणि कामावर लागल्यानंतर नोकरी सोडण्याचा विचारही त्यांच्या मनात कमी येत होता. पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला. तेव्हा नोकरी टिकण्यावर होणारा परिणाम फार मोठा नाही, परंतु खरा आहे, असे आढळले.

फिल्म पाहून एवढा फरक पडत असेल, तर सहा आठवडे प्रत्यक्ष काम केल्याने किती पडेल याचा अंदाज करता येतो. यामागे तीन कारणे काम करतात.

पहिले, उम्मीद जमिनीवर येते. मुलाला कळते की टेक्स्टाईलचा डिप्लोमा म्हणजे थंड खोलीत बसून डिझाईन निवडणे नव्हे. ग्रे कापडाच्या ताक्यांत उभे राहून डाग आणि तुटलेले धागे शोधणेही त्यातच येते. हे त्याला नोकरीआधी कळले तर ती माहिती असते. नोकरीनंतर कळले तर तीच फसवणूक वाटते.

दुसरे, परकेपणा जातो. नव्या नोकरीचे पहिले तीन महिने सर्वांत अवघड असतात. मुनीमजींचा स्वभाव, मुकादमाची भाषा, बिलाचा नमुना, कोणत्या गिऱ्हाईकाशी कसे बोलावे, हे काहीच माहीत नसते. प्रत्येक चुकीवर बोलणी बसतात आणि मुलाचे मन उडते. ज्याने आधी उमेदवारी केली आहे त्याचा हा काळ आधीच निघून गेलेला असतो. त्याला पहिल्या दिवशी दुकानात शिरताना चार ओळखीचे चेहरे दिसतात.

तिसरे, चाळणी लागते. ज्याला हे काम जमणार नाही तो सहा आठवड्यांत, कोणाचे मन न दुखावता, बाजूला होतो. तोच मुलगा नोकरीला लागून तीन महिन्यांनी गेला असता तर दोघांचेही अधिक नुकसान झाले असते.

खोटा नमुना: माझीच एक चूक

दुसऱ्यांना उपदेश करण्याआधी स्वतःची चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एक डिप्लोमाचा विद्यार्थी मे महिन्याच्या सुटीत माझ्याकडे आला. मुलगा हुशार, नीटनेटका, बोलण्यात चांगला. मला वाटले, याला जपावे. मी त्याला सहा आठवडे गादीजवळ बसवले. नव्या डिझाईनचे तुकडे लावणे, गिऱ्हाईकाला रंगांचे कार्ड दाखवणे, संगणकावर यादी करणे, एवढेच काम त्याला दिले. दुपारचे जेवणही तो माझ्याच डब्यातून घेत असे. तो खूश, मीही खूश. पुढच्या वर्षी परीक्षा संपताच त्याला नोकरीवर घेतले.

नोकरीवर घेतल्यावर मात्र मला माणूस हवा होता तो वेगळ्या कामासाठी. प्रोसेस हाऊसमध्ये जाऊन ताके मोजून घेणे, मापात घट आली तर भांडणे, आणि महिन्यातून दोन वेळा एस.टी.ने फिरून उधारीचा तगादा करणे. दुसऱ्या महिन्यात त्याने चावी माझ्यासमोर ठेवली आणि एवढेच म्हणाला, "शेठ, हे काम तुम्ही दाखवले नव्हते." त्याचे म्हणणे खरे होते. मी चांगला नमुना दाखवून दुसराच माल दिला होता.

त्यानंतर मी रीत बदलली. पुढच्या सुटीत तीन विद्यार्थी घेतले. पहिल्या आठवड्यात त्यांना फोल्डिंगमध्ये ताके मोजायला लावले, दुसऱ्या आठवड्यात प्रोसेस हाऊसला नेले, तिसऱ्यात मुनीमजींबरोबर तगाद्याला पाठवले. परत आल्यावर दोघांनी स्पष्ट सांगितले की हे आमच्याने होणार नाही. त्यांना दाखला आणि ठरलेले पैसे देऊन निरोप दिला. तिसऱ्याने विचारले, "नोकरीत हेच काम असेल ना?" मी हो म्हटले. त्याचे आज माझ्याकडे चौथे वर्ष चालू आहे.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इंटर्नशिपने आपोआप कोणी टिकत नाही. खोटी इंटर्नशिप तर मुलाला लवकर पळवते. जेथे विद्यार्थ्याला महिनाभर फक्त चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला पाठवले जाते, तेथे तो काम शिकत नाही. मालक कसा आहे एवढेच शिकतो, आणि कॉलेजात जाऊन पन्नास मुलांना ते सांगतो.

"शिकवायचे आम्ही, कमवायचे शेजाऱ्याने?"

व्यापारी बंधूंचा खरा आक्षेप इथेच आहे. मी खर्च करून शिकवले आणि शेजाऱ्याने दोन हजार जास्त देऊन मुलगा उचलला, तर मी शिकवावे कशासाठी?

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात याच प्रश्नाची फोड केली. पुढे १९९२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे सोप्या भाषेत असे की हुनर दोन प्रकारचे असते. एक, जे सगळीकडे चालते. जसे संगणकावर हिशोब लिहिणे, जीएसटीचे विवरण भरणे, शिलाई मशीन चालवणे. दुसरे, जे एकाच पेढीवर उपयोगी पडते. जसे आपली गिऱ्हाईके, आपला माल, आपल्या उधारीची रीत. पहिल्या प्रकारच्या शिक्षणाचा भार शेवटी शिकणाऱ्यावरच पडतो. तो शिकताना कमी पैसे घेतो. म्हणूनच उमेदवाराला पगार नसून विद्यावेतन असते. दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचा खर्च मालक करू शकतो, कारण ते हुनर घेऊन मुलगा दुसरीकडे गेला तर तेथे त्याची किंमत येत नाही.

यातून धंद्याला उपयोगी असा धडा निघतो. इंटर्नशिपच्या काळात मुलाला केवळ सर्वसाधारण काम देऊ नका. त्याला आपल्या पेढीची खासियत शिकवा. जो आपल्या तीस गिऱ्हाईकांना नावाने ओळखतो, त्याचे मोल आपल्याकडे सर्वांत अधिक असते आणि ते त्यालाही कळते. मात्र ते मोल पगारात दिसले पाहिजे. दोन महिने उमेदवारी केलेल्या मुलाने आपली विक्रीही पाहिलेली असते आणि बाजारातील पगारही त्याला माहीत असतो. त्याला नोकरीत घेताना विद्यावेतनावर दोन हजार चढवून "घरचाच मुलगा आहे" म्हणणे, हा त्याला घालवण्याचा हमखास उपाय आहे.

काही जण मुलाची मूळ प्रमाणपत्रे तिजोरीत ठेवून घेतात. हे टिकवणे नव्हे, अडवणे आहे. असा मुलगा शरीराने दुकानात आणि मनाने बाहेर असतो. मुदत बांधून हवी असेल तर सरळ मार्ग आहे. १९६१ च्या कायद्याच्या २२ व्या कलमानुसार, उमेदवारीनंतर त्याच मालकाकडे काम करण्याची अट करारात लिहिलेली असेल तर ती दोघांवर बंधनकारक असते. मालकाने योग्य नोकरी द्यावी लागते आणि उमेदवाराने ठरलेला काळ काम करावे लागते. अशी अट नसेल तर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही आणि राहण्याचे बंधन मुलावर नाही. आपण मुलाला बांधू पाहतो, पण स्वतः बांधून घेत नाही. कायदा असा एकतर्फी सौदा मानत नाही.

हिशोब मांडून पाहू

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, आपण नवा मुलगा दरमहा १५ हजारांवर ठेवला. पहिले दोन महिने तो शिकत असतो, हातभार थोडाच लागतो. म्हणजे ३० हजार शिकवण्यातच गेले. तिसऱ्या महिन्यात तो गेला की दुसरा आणला, पुन्हा ३० हजार. वर्षात असे दोघे गेले तर ६० हजार गेले. त्यांच्या हातून झालेल्या चुका आणि मुनीमजींचा गेलेला वेळ वेगळाच.

याऐवजी तीन विद्यार्थी दीड महिन्यासाठी दरमहा ६ हजारांवर घेतले तर प्रत्येकी ९ हजार, एकूण २७ हजार झाले. त्यांतून एक निवडला आणि तो तीन वर्षे टिकला, तर कोणता सौदा स्वस्त पडला हे सांगायला नको. शिवाय उरलेल्या दोघांनी त्या काळात थोडेफार काम केलेलेच असते.

सरकारी योजनांचे काय?

शिकाऊ उमेदवार कायद्याच्या नियमांत २०१९ साली बदल झाला. त्यानुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेवर उमेदवार घेण्याचे बंधन आहे आणि ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपली अनेक दुकाने आणि कारखाने या ऐच्छिक गटात येऊ शकतात. त्याच वर्षी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५ हजार ते ९ हजार रुपये ठरले होते. करार नोंदवण्यापूर्वी चालू दर पाहून घ्यावा. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, कमाल १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार सोसते.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तीत बारावी उत्तीर्णाला दरमहा ६ हजार, आय.टी.आय. किंवा पदविकाधारकाला ८ हजार आणि पदवीधराला १० हजार रुपये असे विद्यावेतन ठरले, मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची होती. मुदत संपत आल्यावर अनेक प्रशिक्षणार्थींनी कायम नोकरीची मागणी करीत आंदोलने केली. यात उमेदवारांना दोष देऊन भागणार नाही. उमेदवार म्हणजे उम्मीद बाळगणारा, हे वर सांगितलेच आहे. शेवटी जागा नसेल तर ते पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितले पाहिजे.

केंद्राच्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेचा पहिला टप्पाही बोलका आहे. २०२४ साली मोठ्या कंपन्यांत वर्षभराच्या सुमारे १ लाख २७ हजार जागा जाहीर झाल्या, ८२ हजारांच्या आसपास प्रस्ताव गेले, सुमारे २८ हजार स्वीकारले गेले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ते ९ हजारांहून कमी. गावापासूनचे अंतर, लांब मुदत आणि कामाचे स्वरूप ही त्यामागची कारणे पुढे आली. घरापासून वीस मिनिटांवर असलेल्या लहान पेढीचे बळ नेमके इथेच आहे. मोठी कंपनी जे देऊ शकत नाही ते आपण देऊ शकतो. घराजवळचे काम आणि समोर बसलेला मालक.

आपण काय करावे?

दुकानदार आणि कारखानदार बंधूंनी चार गोष्टी पाळाव्यात. पहिली, विद्यार्थी येण्याआधी एका कागदावर लिहावे की तो कोणत्या आठवड्यात काय पाहील. त्यात सर्वांत कंटाळवाणे आणि कष्टाचे काम सुरुवातीलाच ठेवावे. दुसरी, त्याला एक उस्ताद नेमून द्यावा. सगळ्यांचा शागिर्द तो कोणाचाच शागिर्द नसतो. तिसरी, पैसे ठरवावेत आणि वेळेवर द्यावेत, मग रक्कम लहान का असेना. चौथी, शेवटच्या दिवशी त्याला समोर बसवून नोकरी आहे की नाही, पगार किती आणि दोन वर्षांनी तो कोठे असेल, हे सांगावे. "बघू, कळवू" या दोन शब्दांनी जितके चांगले मुले घालवली आहेत तितकी शेजाऱ्याच्या पगारानेही घालवली नसतील.

लहान कारागिरांना योजनेचे कागद जमत नसतील, परंतु नमुन्याचा नियम त्यांनाही लागू आहे. मात्र चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा कायद्याने गुन्हा आहे, त्याला शागिर्द म्हटल्याने तो गुन्हा नाहीसा होत नाही.

मुलींचा विचार वेगळा करावा लागेल. आपल्या मुली आज मोठ्या संख्येने पदवी घेत आहेत. त्यांच्या घरच्यांना कामाची जागा, वेळ आणि बरोबरचे लोक पाहायचे असतात. उमेदवारीच्या काळात हे सर्व दिसून येते आणि घरचा विरोध नोकरीच्या आधीच मिटतो. स्वच्छतागृह, ठरलेली सुटण्याची वेळ आणि अदबीने बोलणारी माणसे, एवढे असेल तर हिशोब व तपासणीच्या कामात त्या वर्षानुवर्षे टिकतील.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनीही एक ध्यानात ठेवावे. केवळ दाखल्यासाठी ओळखीच्या दुकानातून सही आणणे म्हणजे नमुना न पाहता गाठ उचलणे होय. गुण मिळतील, परंतु पहिल्या नोकरीत जो धक्का बसेल तो टळणार नाही. उमेदवारीत मुलाने मालकाला तीन प्रश्न विचारावेत. रोजचे काम काय, पगार किती, आणि याआधीचा मुलगा का गेला? तिसऱ्या प्रश्नावर मालक रागावला तर उत्तर मिळाले असे समजावे.

शेवटी, प्रत्येक जाणे म्हणजे तोटा नव्हे. जो मुलगा खरा नमुना पाहून आला, चार वर्षे इमानाने राहिला आणि मग स्वतःचे दुकान टाकायला निघाला, तो उद्या आपलाच गिऱ्हाईक होतो. बाजारात तो आपले नाव चांगलेच घेतो. आजचे अनेक व्यापारी कोणाच्या तरी पेढीवरून असेच उठलेले आहेत. मुलाला कायमचे धरून ठेवणे आपल्या हातात नाही. दाखवलेल्या नमुन्याप्रमाणे माल देणे मात्र आपल्याच हातात आहे. येत्या सुटीत कॉलेजचे पत्र घेऊन कोणी पायरीवर आला, तर त्याला सही-शिक्का देऊन परत पाठवू नका. आत बोलवा, बसवा आणि सर्वांत आधी फोल्डिंगमधले ताके मोजायला द्या.